जुनी शाळा मंडळासाठी घ्यायची आहे? सफाईच्या सरकारी पैशाच्या तीन वाटा

गणपती हायस्कूलच्या भाड्याच्या हॉलमध्ये, मराठी शाळा चर्चच्या तळघरात आणि नाटकाच्या तालमी कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये. अमेरिकेतल्या बहुतेक मराठी मंडळांचा संसार असा विखुरलेला असतो. म्हणून गावातली बंद पडलेली शाळा विकायला निघाली, की समितीच्या बैठकीला एकदम रंग चढतो. वर्ग आयते, स्टेज आयतं, पार्किंग आयतं, आणि किंमत तर ऐकून खरी वाटत नाही. ती कमी असण्याचं कारण बहुधा फरशीखाली, पाइपांभोवती आणि खिडक्यांच्या रंगात दडलेलं असतं.

मी अशाच इमारतींमध्ये तपासणीसाठी नमुने काढते. ओळखीतली मंडळी मला नेहमी एकच प्रश्न विचारतात: "सफाईला सरकार पैसे देतं म्हणतात, ते कसे मिळवायचे?" सरकार पैसे देतं, हे खरं. पण तो पैसा तीन वेगळ्या वाटांनी येतो, आणि एका मंडळाला सोयीची वाट दुसऱ्याला पार गाळात घालू शकते.

आधी फरशीबद्दल सांगते, कारण त्याशिवाय पुढचं समजणार नाही. जुन्या शाळेच्या वर्गात चालताना पायाखाली नऊ इंची चौकोनी टाइल्स दिसल्या, की मी थांबते. त्या काळच्या त्या मापाच्या टाइल्समध्ये आणि खालच्या काळ्या चिकट थरात ॲस्बेस्टॉस, म्हणजे श्वासातून गेल्यास फुप्फुसांना घातक असलेलं तंतुमय खनिज, सापडण्याची शक्यता मोठी असते. नमुना घेताना आधी साबणाच्या पाण्याचा फवारा मारायचा, म्हणजे धूळ उडत नाही. मग कोपऱ्यातला छोटा तुकडा काढून पिशवीत बंद करायचा आणि प्रयोगशाळेत पाठवायचा. टाइल धड असेल तोवर तिच्यापासून फारसा धोका नसतो. खरी काळजी बॉयलरच्या खोलीतली. पाइपांवरचं पांढरं वेष्टण बोटांनी दाबलं तरी भुगा होत असेल, तर त्या खोलीत तुम्ही मुलांना नेऊ शकत नाही. शिवाय १९७८ आधीच्या इमारतीत शिशाचा रंग असणार असंच धरून चालायचं, आणि १९५० ते १९७९ दरम्यान बांधकाम किंवा दुरुस्ती झाली असेल तर खिडक्यांच्या सांध्यातल्या भरावात पीसीबी नावाचं विषारी रसायनही असू शकतं.

अशा जागांना इथे ब्राउनफील्ड म्हणतात. केंद्राच्या पर्यावरण संस्थेने, म्हणजे ईपीएने, पहिला प्रायोगिक निधी १९९३ मध्ये ओहायोतल्या कायहोगा काउंटीला दिला. २००२ मध्ये त्याचा कायदा झाला, २०१८ मध्ये अनुदानाच्या मर्यादा वाढल्या, आणि २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्याने पाच वर्षांसाठी दीड अब्ज डॉलर या कामासाठी ठेवले.

पहिली वाट: मंडळच मालक, अनुदानही मंडळाच्या नावावर

५०१(सी)(३), म्हणजे करमाफ धर्मादाय दर्जा असलेली ना-नफा संस्था ईपीएच्या क्लीनअप ग्रँटसाठी थेट अर्ज करू शकते. २०१८ च्या कायद्याने एका जागेसाठीची मर्यादा दोन लाखांवरून पाच लाख डॉलरवर नेली, आणि २०२१ च्या कायद्यानंतरच्या फेऱ्यांमध्ये त्याहून बरीच मोठी अनुदानंही दिली गेली. मूळ कायद्यात २० टक्के वाटा अर्जदाराने उचलायची अट होती. पायाभूत सुविधा कायद्याच्या पैशातून दिलेल्या अनुदानांना ती माफ होती. तुम्ही अर्ज कराल त्या फेरीत ती परत लागू आहे का, हे आधी बघा. पाच लाखांवर २० टक्के म्हणजे एक लाख, आणि एवढी रक्कम दोन दिवाळी कार्यक्रमांच्या तिकिटांतून उभी राहत नाही.

या वाटेवरची सगळ्यात कडक अट मालकीची. अर्ज करताना जागा तुमच्या नावावर हवी, दीर्घ मुदतीचा भाडेकरार चालत नाही. म्हणजे प्रदूषित इमारत आधी विकत घ्यायची, मग अर्ज करायचा, आणि अनुदान मिळेल की नाही हे कळायला अनेक महिने थांबायचं. २०२३ आणि २०२४ मध्ये मुदत नोव्हेंबरच्या मध्याला संपली आणि निवड पुढच्या मे महिन्यात जाहीर झाली. त्या मधल्या काळात विमा, हिवाळ्यातलं हीटिंग आणि छताची गळती हे सगळं तुमच्या माथी.

अर्जाआधी फेज वन (कागदपत्रं आणि पाहणीवरून जागेच्या जुन्या प्रदूषणाचा माग) आणि फेज टू (प्रत्यक्ष नमुने घेऊन चाचणी) या दोन्ही तपासण्या झालेल्या लागतात. सफाईच्या पर्यायांचा मसुदा गावासमोर ठेवावा लागतो आणि लोकांना बोलायची संधी द्यावी लागते. पैसा मिळाला तरी तो एकरकमी खात्यात पडत नाही, काम होईल तसा बिलं दाखवून उचलावा लागतो. मजुरी डेव्हिस-बेकन कायद्याच्या, म्हणजे त्या भागात प्रचलित म्हणून सरकारने ठरवलेल्या दराने द्यावी लागते आणि कंत्राटदाराकडून दर आठवड्याचे पगारपत्रक घ्यावे लागते. कारभाराच्या खर्चाला ५ टक्क्यांपेक्षा जास्त वापरता येत नाही. हे सगळं संध्याकाळी नोकरीवरून घरी आलेल्या खजिनदाराने चार वर्षं सांभाळायचं आहे, हे त्याच्याशी बोलूनच ठरवा.

ही वाट अशक्य नाही. ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्सला 'द स्टील यार्ड' नावाची ना-नफा संस्था आहे. जुन्या पोलाद कारखान्याच्या आवारात वर्षानुवर्षं उडालेल्या शिशाच्या रंगाने माती खराब झाली होती. संस्थेने ईपीएच्या पैशाच्या मदतीने ती साफ केली आणि आज तिथे वेल्डिंगचे, मातीकामाचे वर्ग भरतात. पण ती संस्था रोज त्याच कामात असते. आपली मंडळं शनिवार-रविवारवर चालतात.

दुसरी वाट: मालकी गावाची, सफाई गावाची, वापर तुमचा

मला विचाराल तर बहुतेक मंडळांनी सुरुवात इथून करावी. बंद शाळा बऱ्याचदा गावाच्या किंवा शिक्षण मंडळाच्याच ताब्यात असते. गावाकडे इंजिनियर असतो, वकील असतो, सरकारी अनुदानाचे हिशेब ठेवणारं माणूस असतं. कर थकल्यामुळे वगैरे ताब्यात आलेल्या जागांबाबत स्थानिक संस्थांना जुन्या प्रदूषणाच्या जबाबदारीतून मिळणारी सूटही २०१८ मध्ये जास्त रुंद झाली. अनुदान गावाच्या नावावर येतं, सफाई होईपर्यंत मालकी गावाकडेच राहते, आणि स्वच्छतेचा दाखला हातात आल्यावर तुम्ही भाडेकरार करता किंवा विकत घेता.

गावालाही याची गरज असते. अर्जात जागेचा पुढे काय उपयोग होणार आणि कोण सोबत आहे याला गुण असतात. "इथे भाषाशाळा, ज्येष्ठांचा वर्ग आणि गावाला खुला हॉल होईल" असं लेखी देणारं, नियमित कार्यक्रम करणारं मंडळ गावाच्या अर्जाला वजन देतं.

दुखणं एकच: ताबा तुमच्या हातात नाही. निवडणुकीनंतर कौन्सिल बदलू शकतं. साफ झालेल्या जागेची किंमत वाढते, आणि तीच जागा दुसऱ्या कुणाला द्यावीशी वाटू शकते. गावाला सार्वजनिक मालमत्ता देण्याची ठरलेली पद्धत पाळावीच लागते, म्हणून तोंडी आश्वासनावर विसंबू नका. अर्ज जाण्याआधी वकिलाकडून करारनामा करून घ्या. आणि हॉल फक्त आपल्या लोकांसाठी राहील ही अपेक्षा सोडा. सार्वजनिक पैशातून साफ झालेली जागा सगळ्या गावाची असावी, हे मला मनापासून योग्य वाटतं.

तिसरी वाट: फिरता कर्जनिधी

हिच्याबद्दल मंडळांना सहसा कुणी सांगतच नाही. ईपीए काही राज्यांना, काउंट्यांना आणि प्रादेशिक संस्थांना भांडवल देते. त्या संस्था त्यातून सफाईसाठी कमी व्याजाची कर्जं देतात, आणि परत आलेला पैसा पुढच्या जागेला जातो. निम्मी तरी रक्कम कर्जातच द्यावी लागते. उरलेल्यातून पात्र ना-नफा संस्थांना उपअनुदान मिळू शकतं. तेही परत न करण्याचंच, पण त्यासाठी जागा तुमच्या मालकीची हवी. फायदा असा की देशभरातल्या शेकडो अर्जांशी स्पर्धा नसते आणि वर्षातून एकाच मुदतीची वाट बघावी लागत नाही. तुम्ही तुमच्याच भागातल्या, चहा प्यायला बोलावता येईल अशा अधिकाऱ्याशी बोलत असता.

कर्ज म्हटलं की समिती घाबरते. पण ज्या मंडळाकडे देणगीदारांची लेखी वचनं आहेत आणि हॉलच्या भाड्याचा हिशेब मांडता येतो, त्याला अर्धं कर्ज, अर्धं उपअनुदान ही जोडणी पहिल्या वाटेपेक्षा झेपणारी ठरू शकते. डेव्हिस-बेकन आणि गावासमोर मसुदा ठेवणं मात्र इथेही चुकत नाही.

राज्यांचे स्वतःचे निधी वेगळे. न्यू जर्सीत प्रदूषित जागांच्या सफाईचा राज्य निधी आहे, मिशिगनमध्ये १९९६ च्या कायद्याने वाढीव मालमत्ता करातून सफाईचा खर्च भरून देता येतो. न्यूयॉर्कची मदत करसवलतीच्या रूपात येते, आणि कर न भरणाऱ्या संस्थेला तिचा थेट उपयोग थोडाच.

तिन्ही वाटांना सारखंच लागू

खरेदीआधी फेज वन. एका मंडळाने उत्साहात आधी सही केली आणि तपासणी नंतर करून घेतली. खरेदीआधी तपासणी करणाऱ्या खरेदीदाराला कायदा जुन्या प्रदूषणापासून संरक्षण देतो; त्याला खरेदीनंतरची फेज वन चालत नाही, त्यामुळे जुन्या प्रदूषणाची जबाबदारी आपली नाही हे सिद्ध करायची संधी गेली आणि सरकारी पैशाचं दार जवळजवळ बंद झालं. वाचवलेली रक्कम काही हजार डॉलरची होती. ती बैठक मला आठवते, कारण बोलायला कुणीच तयार नव्हतं.

दुसरं, नेहमीच्या फेज वनमध्ये इमारतीतलं ॲस्बेस्टॉस आणि शिशाचा रंग येतच नाही. ती तपासणी माती, पाणी आणि जुन्या टाक्यांचा माग काढते. "फेज वन स्वच्छ आली" म्हणून पेढे वाटणारी समिती मी पाहिली आहे, आणि त्याच इमारतीत छताच्या वर भुगा होणारं वेष्टण होतं. इमारतीतल्या साहित्याची पाहणी वेगळी मागा, लेखी मागा.

तिसरं, या पैशातून सफाई होते, नूतनीकरण नाही. नवीन फरशी, लिफ्ट, स्वयंपाकघर, साउंड सिस्टिम हे सगळं तुमच्या खिशातून. जुन्या टाइल्स काढून झाल्यावर उघडं काँक्रीट तुमच्या हाती येतं, तिथून पुढचं बजेट वेगळं मांडा. आणि श्रमदानाची आपली सवय कितीही चांगली असली, तरी ॲस्बेस्टॉस आणि शिशाचा रंग काढायला स्वयंसेवक उतरवू नका. ते परवानाधारकांचंच काम आहे.

तुमचं मंडळ पूर्णपणे स्वयंसेवकांवर चालत असेल, तर दुसरी वाट. गाव तयार नसेल आणि तुमच्याकडे थोडं भांडवल असेल, तर तिसरी. पगारी व्यवस्थापक आणि वर्षभर रिकामी इमारत पोसण्याची ताकद असेल, तरच पहिली.

यापैकी काहीही ठरवण्याआधी पैसे न घालता दोन गोष्टी करता येतात. ईपीएच्या प्रादेशिक कार्यालयाकडे टार्गेटेड ब्राउनफील्ड्स असेसमेंटची विनंती करता येते. त्यात मालकाच्या परवानगीने त्यांचेच तज्ज्ञ येऊन तपासणी करतात आणि तुम्हाला बिल येत नाही. आणि ईपीएच्याच खर्चाने चालणारी मोफत सल्ला केंद्रं आहेत. कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटी आणि न्यू जर्सी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी हे काम बरीच वर्षं करत आले आहेत. अर्ज कसा लिहायचा, हेही ते शिकवतात.

मग गावाच्या क्लार्ककडे जा आणि इमारत कुठल्या साली बांधली, आत्ता कुणाच्या नावावर आहे आणि फेज वन झाली आहे का, एवढं विचारा. अहवाल असेल तर त्याची प्रत मागा आणि आतल्या प्रत्येक कामाची तारीख बघा. जागेची पाहणी, मुलाखती आणि सरकारी नोंदींचा शोध खरेदीच्या आधीच्या १८० दिवसांतला नसेल, तर तो भाग सहीच्या आधी नव्याने करून घ्यावा लागेल.