व्हर्च्युअल ऑर्केस्ट्रा की प्रत्यक्ष वादक? पैसे खर्च करण्याआधी चाल नीट पाहा

चित्रपट, वेब मालिका किंवा अल्बमचं काम हातात येतं, निर्माता म्हणतो, ‘जरा भव्य वाटलं पाहिजे’, आणि पहिला हिशोब सुरू होतो तो व्हायोलिनचा. स्ट्रिंग्ज, म्हणजे व्हायोलिन, व्हायोला, चेलो ही गजाची वाद्यं, कॉम्प्युटरवर करायच्या की वादक बोलवायचे? बहुतेक जण याचं उत्तर बजेटकडे बघून देतात. बजेट महत्त्वाचं आहेच, पण त्याआधी चाल पाहावी, असं माझं ठाम मत आहे. तुमच्या पीसमध्ये स्ट्रिंग्ज गाणार असतील तर माणसं हवीत, मग ती चार का असेनात. त्या फक्त भराव घालणार असतील किंवा लय धरून ठेवणार असतील, तर सॅम्पल्सवर, म्हणजे आधी रेकॉर्ड करून ठेवलेले सुटे सूर कीबोर्डवरून वाजवून, बिनधास्त काम करा.

अशा सुरांचा विकत मिळणारा संग्रह, म्हणजे सॅम्पल लायब्ररी; तिचा आवाज खोटा असतो, हा समज आधी काढून टाकायला हवा. त्यातला प्रत्येक सूर खऱ्याच वादकाने, उत्तम स्टुडिओत वाजवलेला असतो. हर्ब टुकमांडल या चेलोवादकाने २००० साली व्हिएन्ना सिम्फॉनिक लायब्ररी सुरू केली आणि सूर टिपण्यासाठी खास शांत स्टेज बांधून घेतलं. लंडनच्या स्पिटफायर ऑडिओने २०१९ मध्ये बीबीसी सिम्फनी ऑर्केस्ट्राचे ९९ वादक त्यांच्याच मेडा व्हेल स्टुडिओत बसवून अख्खा ऑर्केस्ट्रा सॅम्पल केला. त्याची ‘डिस्कव्हर’ ही छोटी आवृत्ती फुकट मिळते; सर्वांत मोठी घ्यायची तर सुमारे ६०० जीबी जागा आणि चांगली एसएसडी (वेगवान ड्राइव्ह) हवी. आपल्याला जन्मात भाड्याने घेता येणार नाही अशा हॉलची घुमारेदार हवा त्या आवाजात असते. एकच लांब सूर ऐकवला तर तो सॅम्पल आहे की वादक, हे सांगणं कसलेल्या कानालाही कठीण जातं.

फरक पडतो तो दोन सुरांच्या मध्ये.

लायब्ररीवाले एका सुरावरून दुसऱ्या सुरावर जाणंही रेकॉर्ड करतात, त्याला लेगाटो म्हणतात. पण त्यात मेख असते. सिनेमॅटिक स्टुडिओ स्ट्रिंग्ज ही नावाजलेली लायब्ररी घ्या. तिच्या संथ लेगाटोत कीबोर्डची पट्टी दाबल्यावर पुढचा सूर तब्बल ३३३ मिलिसेकंदांनी पोचतो, जलद लेगाटोत १०० मिलिसेकंदांनी. म्हणजे कॉम्प्युटरवर प्रत्येक नोट तेवढी आधी ओढून ठेवायची, तरच ती तालात पडते. शिवाय कोणतं जाणं संथ, कोणतं जलद, हे ओळीगणिक तुम्हीच ठरवायचं. मग मॉड व्हीलने (कीबोर्डवरच्या चाकाने) आवाजाची चढउतार काढायची, एक्स्प्रेशन, म्हणजे आवाजाची बारीक कमीजास्ती, वेगळं काढायचं, कीस्विच (वादनाची पद्धत बदलणारी पट्टी) देऊन बो, म्हणजे गज, चालवायची तऱ्हा बदलायची. एवढं केल्यावर पाश्चात्त्य वळणाची सरळ धून खरंच सुंदर वाजते.

आपली चाल मात्र तशी सरळ नसते. दरबारी रागाचा आंदोलित कोमल गंधार घ्या. तो सूर रिषभाच्या बाजूने हलत हलत वर येतो आणि एका जागी थांबत नाही. सॅम्पलमध्ये हे करायला पिच बेंडशिवाय, म्हणजे सूर वर-खाली सरकवणाऱ्या चाकाशिवाय, गत्यंतर नाही. आणि पिच बेंड लावला की सोळाच्या सोळा व्हायोलिनं एकाच क्षणी, एकाच वक्राने, सारख्याच वेगाने सरकतात. खऱ्या सेक्शनमध्ये, म्हणजे एकत्र वाजवणाऱ्या वादकांच्या ताफ्यात, कोणी निमिषभर आधी निघतं, कोणाचं बोट गंधारावर थोडं जास्त रेंगाळतं, कोणाचा व्हायब्रेटो (सुराचा कंप) उशिरा सुरू होतो. या बारीक वेगळेपणामुळेच ती मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, माणसाच्या गळ्यासारखी वाटते. मींड, कणस्वर (सुराला निसटता लागणारा दुसरा सूर), गमक (सुराला दिलेला जोरकस हेलकावा) या तिन्ही बाबतींत आजच्या लायब्ऱ्या कमी पडतात, कारण त्या ज्या वादकांकडून वाजवून घेतल्या त्यांनी हे कधी वाजवलेलंच नसतं.

मुंबईच्या वादकांनी ते वाजवलेलं असतं, आणि त्यामागे मोठी परंपरा आहे. गोव्यातून आलेल्या वादकांनी नोटेशनची शिस्त आणली आणि सिनेसंगीताच्या रोजच्या कामात रागदारीच्या हरकती बोटांत बसवल्या. गोव्यातल्या माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस या व्हायोलिनवादकाने १९५८ मध्ये सेंट झेवियर्स कॉलेजच्या प्रांगणात शंभरावर वादक घेऊन भारतीय रागांवर बेतलेलं ऑर्केस्ट्रल संगीत सादर केलं होतं. त्या परंपरेतल्या सेक्शनसमोर कागदावर साधे सूर लिहून दिले आणि गायकाची जागा नुसती गुणगुणून दाखवली, तरी पुढच्या खुर्चीवरचा व्हायोलिनवादक ती पकडतो, पेन्सिलने बोइंगची, म्हणजे गज कसा फिरवायचा याची, खूण करतो, मागच्यांकडे मान वळवतो आणि पुढच्या टेकला सगळे ती जागा घेतात. हे कौशल्य विकतच्या डिस्कवर येत नाही.

आता सॅम्पल्सची बाजू. दिग्दर्शक रात्री अकराला फोन करून सांगतो की सीन सात सेकंदांनी कापला. सॅम्पल्सवर हे तासाभराचं काम आहे, पण वाजवून घेतलेल्या पीसला कात्री लावताना जीव जातो. संवादाखाली दबून राहणारे लांब सूर, थरारासाठी ट्रेमोलो (थरथरता सूर), पाठलागाच्या सीनला स्पिकाटोचे (उसळत्या गजाचे) तुटक आवर्तन, ब्रासचे (पितळी वाद्यांचे) जड ठोके, टिंपनी आणि मोठे ड्रम या सगळ्यांत सॅम्पल्स आज इतके पक्के आहेत की त्यासाठी चाळीस माणसं बोलावणं मला उधळपट्टी वाटते.

प्रत्यक्ष वादकांचा खर्च फक्त मानधनाचा नसतो, हेही नव्याने उतरणाऱ्यांना कळलेलं नसतं. कीबोर्डवर वाजतं तेच कागदावर उतरवून चालत नाही. बी फ्लॅट क्लॅरिनेटचा पार्ट, म्हणजे त्या वादकासमोरचा कागद, एक पूर्ण स्वर वर लिहावा लागतो, एफ हॉर्नचा पंचमाच्या अंतराने वर, व्हायोला आल्टो क्लेफ ही वेगळी स्वरखूण वाचतो. पान उलटायची वेळ विश्रांतीवरच यावी लागते. एका पार्टात एक शार्प (तीव्र सुराची खूण) सुटला की तीस जण वाद्यं मांडीवर ठेवून बसून राहतात आणि स्टुडिओच्या भाड्याचा मीटर चालूच राहतो. म्हणजे चाल वाद्यांत वाटून लिहिणारा ऑर्केस्ट्रेटर हवा, प्रत्येकाचा पार्ट उतरवणारा कॉपीइस्ट हवा, कंडक्टर हवा, सगळ्यांना क्लिक (लयीची टिकटिक) देणारे हेडफोन हवेत आणि एवढी माणसं मावतील असा स्टुडिओ हवा. सॅम्पल्स तुम्हाला याबाबत लाडावून ठेवतात. तिथे बासरीवाला श्वास न घेता पाऊण मिनिट वाजवतो आणि त्याचा सर्वांत खालचा सूर चार हॉर्न्सवरून सहज ऐकू येतो. तोच पीस माणसांसमोर ठेवला की ती बासरी नाहीशी होते.

पण सॅम्पल्स स्वस्त पडतात, हेही अर्धसत्य आहे. मन लावून केलेल्या एक मिनिटाच्या ऑर्केस्ट्रल पीसला प्रोग्रॅमरचा अख्खा दिवस जाऊ शकतो. चांगला सेक्शन तोच मिनिट दोन-तीन टेकमध्ये वाजवून मोकळा होतो. तुम्ही स्वतःच्या दिवसाची किंमत शून्य धरली असेल, तरच ते फुकट आहे.

मधला एक पर्याय परदेशी ऑर्केस्ट्राचा. बुडापेस्ट, प्राग, स्कोप्ये इथले ऑर्केस्ट्रा सेशनच्या हिशोबाने मिळतात, आणि मुंबईत बसून इंटरनेटवरून सेशन ऐकत सूचना देता येतात. वाचन अतिशय सफाईदार असतं. सिम्फनीच्या वळणाचं लिखाण असेल तर हा रास्त मार्ग आहे. अजय-अतुल यांनी २०१६ च्या ‘सैराट’साठी लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर ऑर्केस्ट्रा वाजवून घेतला, तेव्हा मराठी गाण्यात तो आवाज किती उंच जाऊ शकतो हे सगळ्यांनी ऐकलं. मात्र तिथल्या वादकाला राग माहीत नसतो. प्रत्येक मींड, प्रत्येक कण तुम्ही कागदावर लिहिलात तरच वाजेल. गुणगुणून दाखवायची सोय तिथे नाही. गाण्याच्या अंगाने जाणाऱ्या स्ट्रिंग्जसाठी मी मुंबई किंवा चेन्नईचा सेक्शनच निवडेन.

छोट्या बजेटवाल्यांनी करण्यासारखी गोष्ट म्हणजे मिश्रण. खाली सॅम्पल्सचा ताफा ठेवा, वर दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो खरे घ्या. त्यांच्याकडून तोच पार्ट तीन वेळा वाजवून घ्या. दर वेळी त्यांच्या खुर्च्या बदला आणि माइक थोडा हलवा, नाहीतर तीन थर एकमेकांवर चिकटून आवाज पोकळ होतो. खोली लहान असेल तर कोरडाच आवाज टिपा आणि लायब्ररीच्या हॉलशी जुळणारा रिव्हर्ब (घुमारा) नंतर लावा. त्या चार वाद्यांचे बो तारेवर घासल्याचे आवाज आणि सुरांची किंचित असमानता खालच्या सगळ्या सॅम्पल्सना झाकून टाकते. ऐकणाऱ्याचं लक्ष वरच्या जिवंत रेषेवर जातं आणि बाकीचं तो खरंच मानून चालतो. चौघांचंही जमत नसेल तर एकच वादक घ्या, पण सोलो चेलो किंवा सोलो व्हायोलिन सॅम्पलवर करू नका.

आणखी एका गोष्टीची मला मनापासून काळजी वाटते. रोज लायब्ररीवर काम करणारा संगीतकार हळूहळू लायब्ररीला जमेल तेच लिहू लागतो. तुटक आवर्तनं चांगली वाजतात म्हणून तीच लिहिली जातात, आणि लांब, वळणं घेणारी चाल सुचली तरी ‘हे वाजणार नाही’ म्हणून ती बाजूला पडते. २००३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीच्या वादकांनी ऑर्केस्ट्रातली किमान संख्या टिकवण्यासाठी चार दिवस संप केला, तेव्हा निर्मात्यांनी व्हर्च्युअल ऑर्केस्ट्रावर खेळ चालवायची तयारी केली होती. मुंबईत सिंथेसायझर आला आणि व्हायोलिनचे मोठे सेक्शन आपोआप लहान होत गेले. मींड वाजवणारा सेक्शन कामावर जगतो. त्याला वर्षानुवर्षं बोलावलंच नाही, तर पुढे पैसे हातात घेऊन शोधायला निघालो तरी तो मिळणार नाही.

म्हणून पुढचं काम हातात येईल तेव्हा सगळे पीस सॅम्पल्सवर बांधा, निर्मात्याकडून पक्के करून घ्या आणि मग ते डोळे मिटून ऐका. ज्या एक-दोन पीसमध्ये स्ट्रिंग्ज गायकाच्या जागी उभ्या राहतात, वादकांचे पैसे तिथे घाला. बाकीचे आहेत तसेच मिक्सला पाठवा. आणि सेशन ठरवाल तेव्हा निर्मात्याच्या बजेटमध्ये कॉपीइस्टची ओळ आधी लिहा; ती राहून गेली की वाचवलेले पैसे स्टुडिओच्या मीटरमध्ये जातात.