उलटीनंतर चूळ कशाची भरावी? मीठ, सोडा की माउथवॉश

गरोदरपणात तिसऱ्या महिन्यात सकाळच्या उलट्या लागल्या तेव्हा मी प्रत्येक उलटीनंतर लगेच ब्रश करायचे. दाताच्या डॉक्टरांनी ते आधी बंद करायला लावलं. पोटातल्या आम्लाने दातावरचं एनॅमल काही वेळ मऊ पडलेलं असतं, त्यावर ब्रश फिरवला की तेच झिजतं. म्हणून आधी चूळ आणि ब्रश अर्ध्या-पाऊण तासाने, हे तुम्हीही ऐकलं असेलच. पण चूळ कशाची, यावर घरात तीन मतं होती. मी तिन्ही करून पाहिली.

माउथवॉश दोन दिवसांत सुटला. घ्यायचाच तर बिनअल्कोहोलचा घ्या, पण पुदिन्याच्या वासानेच मला पुन्हा बेसिन गाठावं लागायचं.

मिठाचं कोमट पाणी हा सासूबाईंचा सल्ला, आणि तो चुकीचा नाही. गरोदरपणात हार्मोन्समुळे हिरड्या दातांवरच्या थोड्याशा थरानेही सुजतात, ब्रशला रक्त दिसतं. 60 ते 75 टक्के गरोदर बायकांना हा त्रास होतो म्हणतात. अशा हिरड्यांना मिठाच्या पाण्याने बरं वाटतं. पण उलटीनंतर लगेच? खारट घोट जिभेवर आला की घसा आवळायचा आणि दुसरी उलटी. आठवडाभर मी स्वतःलाच दोष देत होते. मग एकदम आठवलं, योगाच्या वर्गात वमनक्रियेसाठी हेच तर प्यायला देतात! त्यात माझ्या तोंडाला तेव्हा सारखं पाणी सुटायचं, काहींना सुटतं तसं. उशीवर टॉवेल टाकून झोपायचे. मिठाने ते आणखी वाढायचं, निदान मला तरी तसं वाटलं. माझा निर्णय खरं तर इथेच झाला.

खाण्याच्या सोड्याची चव काही छान नसते, साबणाच्या पाण्यासारखी बोथट लागते. पण मळमळ वाढत नाही. शिवाय मीठ आम्ल मारत नाही, सोडा मारतो. आपली लाळही एरवी बायकार्बोनेटच्या, म्हणजे सोड्यात असतो त्याच घटकाच्या जोरावर तोंडातलं आम्ल आवरते. गरोदरपणात तिची ती ताकद जरा उतरते, आणि वर डोहाळे चिंच-कैरीचे! कपभर पाण्यात चहाचा एक चमचा सोडा, नीट ढवळून चूळ भरायची आणि थुंकायची. गिळायचा नाही, त्यात सोडियम असतं. रक्तदाब वाढलेला असेल तर विशेष सांभाळा. आणि बेकिंग पावडर नको, तिच्यात आम्लही मिसळलेलं असतं. ऑफिसला मी छोट्या डबीत कोरडा सोडाच न्यायचे. डबीवर नाव लिहा, नाहीतर लोक भलतंच काही समजतात.

प्रत्येकीची जीभ वेगळी, तुम्हाला कदाचित मीठ चालेलही. उलट्या नसतील आणि नुसत्या हिरड्या दुखत असतील तर मीही मीठच घेईन. पाचव्या महिन्यात उलट्या थांबल्यावर दात साफ करून घेतले (या कामाला मधले तीन महिने सोयीचे, असं डॉक्टर म्हणाल्या), तेव्हापासून रात्री मिठाचं पाणी सुरू झालं. सोड्याची डबी मात्र बेसिनवरच राहिली. सासूबाई ढोकळ्यासाठी ती दोनदा तिथूनच घेऊन गेल्या.