पीएमपी, प्रिन्स-टू की आयपीएमए? आधी सर्टिफिकेट दाखवायचं कोणाला ते ठरवा

माझी पुतणी बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीतल्या (जीआयडीसी) एका फॅब्रिकेशन शॉपमध्ये प्लॅनिंगला आहे. इथल्या कलाभवन इंजिनिअरिंग कॉलेजातून बी.ई. झाली, चार वर्षं नोकरी झाली, आता प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं "काहीतरी सर्टिफिकेट" हवंय. दिवाळीत दांडिया बाजारातल्या घरी चकली मोडत तिनं विचारलं, "काका, पीएमपी करू की प्रिन्स-टू?" मी म्हटलं, सर्टिफिकेट दाखवायचंय कोणाला? ती गप्प. क्लासवाल्यांनी हे विचारलंच नव्हतं, त्यांनी थेट फी सांगितली होती.

आपल्याकडे सीएला किंवा आर्किटेक्टला कायद्यानं नोंदणी लागते, तशी प्रोजेक्ट मॅनेजरला लागत नाही. ब्रिटनमध्ये प्रोजेक्ट मॅनेजरांच्या एपीएम या संस्थेला २०१७ साली रॉयल चार्टर (राजसनद) मिळाला आणि तिथं 'चार्टर्ड' प्रोजेक्ट प्रोफेशनल होता येतं. इथं तसलं काही नाही. आयएसओ २१५०२ हे प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं २०२० चं मानक आहे, पण ते नुसतं मार्गदर्शन. त्यावर कोणी पास-नापास होत नाही. म्हणजे हे कागद परवाने नव्हेत. समोरचा मानेल तेवढीच त्यांची किंमत.

बडोद्याच्या ईपीसी (डिझाइन, खरेदी, उभारणी सगळं करणाऱ्या) आणि कन्सल्टन्सी कंपन्यांच्या जाहिरातींत मला सगळ्यात जास्त दिसतं ते पीएमपी, म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल. पीएमआय ही अमेरिकन संस्था १९६९ ची, तिची ही परीक्षा १९८४ पासूनची. चार वर्षांची पदवी असेल तर गेल्या काही वर्षांतला ३६ महिन्यांचा प्रोजेक्ट चालवल्याचा अनुभव लागतो, डिप्लोमावाल्यांना त्याहून जास्त. शिवाय ३५ तासांचं प्रशिक्षण. २०२१ ला आलेल्या रचनेत १८० प्रश्न, २३० मिनिटं होती. ही रचना पीएमआय दर काही वर्षांनी बदलते, म्हणून क्लासच्या जुन्या नोट्स कोणी फुकट दिल्या तरी घेऊ नका.

खरी मेख अर्जात आहे. पुतणीनं लिहिलं होतं, "रिअ‍ॅक्टरच्या शेड्यूलचं दर आठवड्याला अपडेटिंग." पीएमआयला हवंय, तू काय चालवलंस. आम्ही कागद घेऊन बसलो. एकूण ४८ महिने, त्यातले पहिले १८ नुसते प्रायमाव्हेरा या शेड्यूलिंगच्या सॉफ्टवेअरात आकडे भरण्यात गेलेले. उरले ३०. दोन कामं एकाच महिन्यात चालली असतील तरी महिना एकदाच मोजायचा. "थोडं वाढवून लिहू का?" नको. काही अर्ज ते ऑडिटला काढतात आणि मग कामाची खातरजमा करणाऱ्याची सही आणावी लागते. जुन्या साहेबाला फोन करून खोटी सही मागायची? त्यापेक्षा सहा महिने थांबलेलं बरं.

प्रश्नही नोकरीत लागलेल्या सवयींवर बोट ठेवणारे. मी तिला एक बनवून दिला: क्लायंटनं ड्रॉइंगची मंजुरी लांबवली, वेंडरनं प्लेट कापायला घेतली, तुम्ही सगळ्यात आधी काय कराल? आपण इथं आधी वेंडरला फोन लावतो आणि मग आवाज चढवतो. परीक्षेला बहुधा हवं असतं की आधी परिणाम तपासा, मग बोला. चारही पर्याय बरोबर वाटतात, म्हणून नुसतं पाठांतर तिथं चालत नाही. पुढं दर तीन वर्षांनी ६० पीडीयू (पुढच्या शिक्षणाचे गुण) जमवायचे, नाहीतर पीएमपी हातचं जातं.

अनुभव कमीच असेल तर पीएमआयचंच सुरुवातीच्या पातळीचं सीएपीएम आहे, त्याला कामाचा अनुभव लागत नाही. ते मिळालेलं आणि मुदतीत असेल तर पुढं पीएमपीच्या ३५ तासांची अट सुटते. कॉलेजातून नुकतंच निघालेल्याला मी ते सुचवेन. सहा महिन्यांवर पीएमपी असलेल्या माणसानं त्याचे पैसे का भरावेत?

प्रिन्स-टू ब्रिटिश सरकारच्या पोटातून आलं, १९९६ साली. आता ते पीपलसर्ट ही परीक्षा घेणारी कंपनी चालवते, सातवी आवृत्ती २०२३ ची. फाउंडेशनला अनुभवाची अट नाही. ६० प्रश्न, एक तास, शिकायला सोपं आणि लवकर हाती येणारं. ही एक पद्धत आहे, म्हणजे प्रोजेक्ट बोर्डात कोण, टप्पा संपल्यावर काय तपासायचं, ठरलेली मर्यादा ओलांडली तर कोणाला कळवायचं. मर्यादेच्या आत असताना वरच्यांनी ढवळाढवळ करायची नाही. आमच्याकडे ओडीसी (नेहमीच्या मापाबाहेरचा अवजड माल नेणारा) ट्रेलर हायवेवर अडकला की एमडी रात्री दोनला ड्रायव्हरला फोन करतात. ही पद्धत शिकून आलेल्या माणसाला बडोद्यात आधी हसू येतं, मग रडू. पण इंग्लंड-युरोपच्या सरकारी वळणाच्या क्लायंटशी काम असेल तर जरूर करा.

आयपीएमए मला मनातून सगळ्यात पटतं. १९६५ ची आंतरराष्ट्रीय संस्था, ड ते अ अशा चार पातळ्या. वरच्या पातळ्यांवर तुम्ही स्वतः केलेल्या कामाचा अहवाल द्यायचा आणि परीक्षकांसमोर बसून त्यावर उलटतपासणी सोसायची. पीएमपी विचारतं, काय कराल? प्रिन्स-टू विचारतं, पद्धत ठाऊक आहे का? आयपीएमए विचारतं, काय केलंत ते दाखवा. साइटवर केस पिकलेल्या माणसाला हीच परीक्षा न्यायाची वाटेल. अडचण एवढीच की आपल्या एचआरला नाव सांगितलं की "ते काय असतं?" विचारतात. ज्यांचं नाव बाजारात आधीच झालंय त्यांनी हे करावं.

पुतणीला दुबईची एक कंपनी डोक्यात होती, हे तिनं चौथी चकली संपल्यावर सांगितलं. मग पीएमपीच. दिवाळी संपल्यावर ती साहेबांकडे गेली आणि एका हीट एक्स्चेंजरचं अख्खं पॅकेज स्वतःकडे मागून घेतलं, ड्रॉइंगपासून डिस्पॅचपर्यंत. अर्ज अजून ड्राफ्टमध्येच आहे, ३१ वा महिना चालू आहे.