लेफ्ट 4 डेड 2 : कोपरा सोडायला लावणारा सिक्वेल

चौघांनी मिळून झोम्बींशी लढत वाट काढायचा नेमबाजीचा गेम, पहिला लेफ्ट 4 डेड, नोव्हेंबर 2008 मध्ये आला आणि सात महिने होतात न होतात तोच, जून 2009 मध्ये, व्हॉल्व्ह कंपनीने ई3 या गेम प्रदर्शनात दुसरा भाग जाहीर केला. चाहत्यांत सरळ दोन तट पडले. स्टीम या व्हॉल्व्हच्या ऑनलाइन गेम-दुकानावर बहिष्काराचा ग्रुप निघाला, त्यात 40 हजारांवर लोक जमले. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पहिल्या गेममध्ये चारच कॅम्पेन (सलग नकाशांच्या मोहिमा), त्यातही व्हर्सस (दोन संघांची लढत) सुरुवातीला फक्त दोनांत. पुढे भर पडत राहील या भरवशावर लोकांनी पैसे मोजले होते. खेळणारे दोन गेममध्ये वाटले जातील ही भीतीही रास्त होती. जुनी सगळी कॅम्पेन दुसऱ्या भागात यायला 2012 उजाडलं.

तरीही हा भाग वेगळा गेम म्हणून यायलाच हवा होता, असं आमचं ठाम मत आहे. कारण आहे कोपरा.

पहिल्या भागात हॉर्ड (झोम्बींची झुंड) आला की चौघांनी कोपऱ्याला पाठ लावायची, पुढच्या दोघांनी खाली बसायचं, मागच्यांनी त्यांच्या डोक्यावरून गोळ्या झाडायच्या, अंगावर येईल त्याला ढकलत राहायचं. एवढ्यावर बरंच निभावायचं. नवे तीन इन्फेक्टेड (खास शक्तीचे झोम्बी) नेमके याच सवयीवर घाव घालतात. स्पिटर कोपऱ्यात आम्ल थुंकते; त्यात जितका वेळ थांबाल तितका मार वाढत जातो, म्हणून तत्काळ बाहेर पडायचं. बाहेर चार्जर टपलेला असतो. तो एकाला उचलून नेतो, वाटेतल्यांना उडवतो आणि हातातल्याला जमिनीवर आपटत राहतो. जॉकी पाठीवर बसून नको तिकडे नेतो, बहुतेक वेळा त्या आम्लातच. जॉकीला एक धक्का पुरतो. चार्जर मात्र ढकलून हलत नाही, त्याला ठारच करावं लागतं. नवे लोक इथेच चुकतात: ढकलत बसतात आणि तोवर साथीदार आडवा होतो.

नकाशेही तसेच आहेत. डेड सेंटर या कॅम्पेनच्या मॉलमध्ये अलार्म वाजला की वर धावत जाऊन तो बंद करेपर्यंत हॉर्ड थांबत नाही. पण सर्वांत सरस कॅम्पेन हार्ड रेन. बंद पडलेला साखर कारखाना, तिथे रडत बसलेल्या विचेस (छेडलं की तुटून पडणाऱ्या झोम्बी बायका), पलीकडे उसाचा फड आणि त्यापुढे पेट्रोल पंप. डिझेल घेऊन त्याच वाटेने परत यायचं, तर आता पाणी चढलेलं असतं आणि वादळाची सर आली की हाताभरावरचं दिसत नाही. त्या उसात चौघांनी एकमेकांना खेटून चालायचं. कोणी दोन सरी पुढे गेला की गेलाच.

हाणामारीच्या हत्यारांत क्रिकेटची बॅटही आहे. ती पिस्तुलाच्या जागी येते. पण खाली पडलात तर हातात पिस्तूल मिळतंच, म्हणून बेधडक उचला.

मेडकिट (प्रथमोपचार पेटी) गेलेल्या हेल्थच्या 80 टक्के भरून देतं. 100 पैकी 70 वर असताना वापरलंत तर हाती 24 लागतात, 20 वर वापरलंत तर 64. दोनदा पडून उठल्यावर पडदा काळा-पांढरा होतो. पुढच्या वेळी थेट मरण. ही पडण्याची मोजणी वेदनाशामक गोळ्यांनी पुसली जात नाही, मेडकिटनेच पुसली जाते.

उणिवा आहेत. बॉट (संगणक चालवतो ते साथीदार) मोलोटोव्ह किंवा पाइप बॉम्ब फेकत नाहीत, त्यामुळे एकट्याने खेळण्यात निम्मी मजा जाते. व्हर्ससमध्ये नवख्याला मतदान करून बाहेर काढतात. द पॅरिश हे कॅम्पेन भर उन्हात घडतं, आणि उजेडात झोम्बींची भीती ओसरते ही 2009 मधली तक्रार आम्हालाही पटते.

जागा 13 जीबी लागते, जुन्या लॅपटॉपवरही चालतो. तीन मित्र जमवा, लॉबी फक्त मित्रांसाठी ठेवा आणि नॉर्मल या काठिण्यपातळीवर डेड सेंटरपासून सुरू करा. तिथल्या फिनालेत (शेवटच्या टप्प्यात) गाडीत पेट्रोलचे 13 कॅन ओतायचे असतात. दोघांनी वरच्या मजल्यांवरून कॅन खाली फेकायचे, दोघांनी गाडीपाशी थांबून ओतायचे. चौघेही वर गेलात तर खाली ओतायला कोणी उरत नाही.