मागच्या खोलीत वायफाय टिकत नाही: एक्स्टेंडर, मेश की सरळ वायर?

मागच्या बेडरूममध्ये व्हिडिओ कॉल सुरू केला की थोड्या वेळात चित्र गोठतं, आणि हॉलमध्ये येऊन बसलं की पुन्हा सुरळीत. पुण्यात घरून काम करणाऱ्या कितीतरी जणांची ही तक्रार असते. त्यावर दुकानात तीन उत्तरं मिळतात: राउटरचा सिग्नल झेलून पुढे देणारा स्वस्तातला एक्स्टेंडर, आपसांत बोलणाऱ्या डब्यांचा महागडा संच म्हणजे मेश, नाहीतर वायर ओढून आतल्या खोलीत दुसरा राउटर. तिन्ही उपाय खरे आहेत. कुठला कुठे चालेल हे मात्र खोक्यावरच्या आकड्यांपेक्षा तुमच्या घराच्या भिंती ठरवतात. माझं मत आधीच सांगून टाकते: वायर ओढता येत असेल तर वायर, खरंच येत नसेल तर मेश, आणि एक्स्टेंडर अगदी मोजक्या प्रसंगी.

आधी बघा, तुटतंय काय?

"नेट गेलं" या एका तक्रारीत दोन वेगळे बिघाड लपलेले असतात. एक म्हणजे घरापर्यंत येणारी लाईन बंद पडणं, दुसरा म्हणजे घरातल्या घरात रेंज न पोचणं. पहिल्या बिघाडाला वरच्या तिन्हींपैकी कशाचाच उपयोग नाही, म्हणून हा निवाडा खरेदीआधी व्हायला हवा.

फायबरच्या डब्यावर एलओएस नावाचा दिवा असतो. तो लाल झाला असेल तर बाहेरून प्रकाशच येत नाहीये. आपल्याकडे फायबर बऱ्याच ठिकाणी गच्चीवरून गच्चीवर, झाडांच्या फांद्यांमधून ओढलेली असते. पावसाळ्यात फांदी पडते, नाहीतर कोणीतरी गच्ची आवरताना ती दुमडून ठेवतं. काचेचा तंतू जरा जास्त वाकला तरी सिग्नल गळतो. अशा वेळी कंपनीला फोन करताना नुसतं "नेट चालत नाही" म्हणू नका, "एलओएस लाल आहे" असं सांगा. मग राउटर बंद-चालू करायला लावण्यात वेळ जात नाही आणि तक्रार लवकर लाईनमनपर्यंत जाते.

दिवे हिरवे असतील तर लॅपटॉप लॅनच्या वायरीने थेट राउटरला जोडा आणि दोन पत्त्यांना पिंग लावून ठेवा, म्हणजे सतत हाक मारून उत्तर येतं का ते बघा: एक राउटरचा, बहुतेक १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, आणि एक बाहेरचा, उदाहरणार्थ ८.८.८.८. राउटरचं उत्तर येतंय पण बाहेरचं अडकतंय, तर दोष लाईनचा. वायरीवर दोन्ही ठीक आणि वायफायवर आलं की राउटरचंच उत्तर गळायला लागतं, तर दोष घरातल्या हवेचा, आणि पुढचा सगळा लेख तुमच्यासाठी आहे. एकच लॅपटॉप तुटतोय आणि बाकी सगळे फोन ठणठणीत असतील, तर राउटरला हात लावू नका. त्या लॅपटॉपवर ते नेटवर्क 'विसरा' करून पुन्हा जोडा, वायफायचा ड्रायव्हर अपडेट करा, बॅटरी वाचवण्यासाठी वायफाय कार्ड बंद करण्याची परवानगी काढून घ्या. लॅपटॉपला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता मिळालेला दिसला, तर त्याचा अर्थ राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही. राउटर एकदा रीस्टार्ट केला की बहुतेक वेळा हे सुटतं.

अजून एक कारण लोकांच्या लक्षात येत नाही, ते विजेचं. लाईट गेली, इन्व्हर्टर लागला, दिवे-पंखे चालूच राहिले, तरी तेवढ्या क्षणात राउटर रीस्टार्ट होतो. तो आणि फायबरचा डबा पुन्हा उभा राहीपर्यंत दोन-तीन मिनिटं जातात, आणि घरातले म्हणतात वायफाय खराब आहे. बऱ्याच इन्व्हर्टरवर मागच्या बाजूला यूपीएस मोडचं बटण असतं, ते आधी बघा. नसेल तर १२ व्होल्टचा छोटा यूपीएस घ्या, पण तो राउटर आणि फायबरचा डबा या दोघांनाही पुरणारा हवा. एकट्या राउटरला वीज देऊन काही साधत नाही.

फुकटातले उपाय

लाईनमन खिडकीतून वायर आत घेतो आणि खिडकीजवळ जे काही असेल त्यावर राउटर ठेवून जातो. आपल्या फ्लॅटमध्ये ते बहुतेक टीव्ही युनिट असतं. मग राउटर टीव्हीच्या मागे, सेट टॉप बॉक्सच्या शेजारी, कधी लाकडी दाराच्या आत. त्याला बाहेर काढून खांद्याइतक्या उंचीवर, घराच्या मध्याकडे आणलं तरी फरक पडतो. राउटर आणि बेडरूम यांच्या सरळ रेषेत लोखंडी कपाट, मोठा आरसा किंवा बाथरूम येतंय का ते पाहा. बाथरूममध्ये टाइल, पाण्याचे पाईप आणि गिझरची टाकी असते, त्यामुळे सिग्नलसाठी ती सगळ्यात वाईट खोली.

दुसरं चॅनेलचं. बहुतेक राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर (बँडवर) बोलतात, आणि त्या पट्ट्यांचे छोटे भाग म्हणजे चॅनेल. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. हिंजवडी किंवा खराडीच्या टॉवरमध्ये फोनवर वायफायची यादी उघडली तर ती खाली सरकवत राहावी लागते, आणि ती सगळी नेटवर्क याच तीन चॅनेलमध्ये दाटीवाटीने बसलेली असतात. त्यात मायक्रोवेव्ह आणि ब्लूटूथही त्याच पट्ट्यात. म्हणून २.४ ची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा, फोनवर वायफाय अ‍ॅनलायझरचं अ‍ॅप टाकून तिघांपैकी कमी गर्दीचा चॅनेल पाहा, आणि काम ५ गिगाहर्ट्झवर हलवा. ५ मध्ये ३६ ते ४८ किंवा १४९ च्या पुढचे चॅनेल घ्या. मधल्या चॅनेलांवर रडारची चाहूल लागली तर राउटरला जागा सोडावी लागते, आणि तेवढ्यात कनेक्शन तुटतं.

५ गिगाहर्ट्झ वेगवान असलं तरी भिंतीपुढे लवकर हार मानतं. उपाय कुठला घ्यायचा हा प्रश्न खरा इथून सुरू होतो.

तुमच्या भिंती कुठल्या?

अ‍ॅनलायझरमध्ये सिग्नलची ताकद उणे आकड्यांत दिसते. राउटरजवळ ती उणे ४० च्या आसपास असते. व्हिडिओ कॉलला उणे ६७ पर्यंत चालतं. उणे ७५ ला अडखळतं आणि उणे ८० च्या खाली तुटायला लागतं. हा आकडा १० ने खाली गेला की ताकद दहावा हिस्सा उरते, म्हणून ६७ आणि ७७ यांत फार मोठं अंतर आहे. फोन हातात धरून हॉलपासून मागच्या खोलीपर्यंत सावकाश चालत जा आणि आकडा कुठल्या उंबरठ्यावर धाडकन पडतो ते पाहा. तुमची गुन्हेगार भिंत ती.

कोथरूड, कर्वेनगर, सहकारनगरमधल्या ऐंशी-नव्वदच्या दशकांतल्या सोसायट्यांत आतल्या भिंती बहुधा साडेचार इंची विटांच्या असतात. अशी एक भिंत ५ गिगाहर्ट्झ सहन करतं, दोन असल्या की कुरकुरतं. बाणेर, वाकड, हिंजवडीच्या कित्येक नव्या टॉवरमध्ये गोष्ट उलटी आहे. तिथे विटा नाहीतच. अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात भिंती आणि स्लॅब एकत्र ओततात, बिल्डर ज्याला मायवान म्हणतात तसं. प्रत्येक भिंत सळया घातलेल्या काँक्रीटची. घर नवं, राउटर नवा, प्लॅन मोठा आणि तरी बेडरूममध्ये रेंज नाही, हे त्यामुळे. पेठांमधल्या उरलेल्या वाड्यांत जाड विटामातीच्या आणि खाली दगडाच्या भिंती असतात, तिथे सिग्नल दारांतून वाट काढत जातो.

एक्स्टेंडर

साधारण दीड ते तीन हजारांत मिळतो, प्लगमध्ये खोचला की झालं, म्हणून सगळ्यांचा पहिला हात इकडेच जातो. त्याची अडचण त्याच्या कामाच्या पद्धतीतच आहे. साधा एक्स्टेंडर एकाच चॅनेलवर राउटरचं ऐकतो आणि तेच पुन्हा तुमच्या लॅपटॉपला सांगतो. ऐकताना बोलता येत नाही, त्यामुळे वेग जवळजवळ निम्म्यावर येतो. शिवाय लोक तो रेंज नसलेल्या खोलीतच लावतात. जिथे त्याला स्वतःलाच ऐकू येत नाही तिथून तो पुढे काय देणार? तो अर्ध्या वाटेवर, उणे ६५ च्या आत सिग्नल असलेल्या जागी हवा, आणि नेमका तिथे प्लग पॉइंट नसतो. वेगळ्या नावाचं नेटवर्क तयार झालं, तर फोन हॉलच्या राउटरलाच चिकटून राहतो हा त्रास वेगळा.

मग घ्यावा कधी? भाड्याचं घर, फक्त एक खोली, आणि तिथे निरोप बघणं किंवा टीव्हीवर मालिका एवढंच काम असेल तेव्हा. दोन बँडचा आणि लॅन पोर्ट असलेला घ्या. रोजच्या ऑफिसच्या कॉलसाठी मी तो कुणालाच सुचवत नाही.

मेश

दोन डब्यांचा बरा संच ढोबळमानाने सहा ते बारा हजारांत येतो. घरभर नाव एकच असतं, आणि चालता चालता फोन जवळच्या डब्याकडे सरकतो. त्यामुळे कॉलवर बोलत हॉलमधून बेडरूममध्ये जाणाऱ्यांना मेश आवडतो, ते योग्यच आहे. पण डबे आपसांत हवेतूनच बोलतात, तेव्हा भिंतीचा नियम त्यांनाही लागू. तीन बँडचा असेल तर एक बँड आपसांतल्या बोलण्यासाठी राखून ठेवता येतो. दोन बँडच्या स्वस्त संचात एक्स्टेंडरसारखीच वाटणी होते.

विटांच्या दोन बीएचकेमध्ये दोन डबे पुरतात, तिसरा डबा उगाच घेऊ नका. मायवानच्या फ्लॅटमध्ये दुसरा डबा बेडरूमच्या आत न ठेवता पॅसेजमध्ये, हॉलमधला डबा नजरेला दिसेल असा ठेवा. रो हाऊसमध्ये तो जिन्याजवळ ठेवा, कारण स्लॅबमधून जाण्यापेक्षा जिन्याच्या मोकळ्या जागेतून सिग्नल सहज वर जातो. संच बसवल्यावर कंपनीच्या राउटरचं वायफाय बंद करा आणि मेशला अ‍ॅक्सेस पॉइंट मोडमध्ये, म्हणजे फक्त वायफाय पसरवण्याच्या कामाला टाका, नाहीतर घरात दोन राउटर पत्ते वाटत बसतात आणि प्रिंटर सापडेनासा होतो. घेताना एकच गोष्ट हट्टाने तपासा: प्रत्येक डब्याला लॅन पोर्ट आहे का. पुढेमागे वायर जोडायची झाली तर तोच कामाला येतो.

वायर आणि आत दुसरा राउटर

खर्च साधारण तीन हजारांच्या आसपास, तोही इलेक्ट्रिशियनच्या मजुरीसह. जुना राउटर पडून असेल तर त्याहून कमी. कॅट ६ प्रकारची लॅनची वायर १०० मीटरपर्यंत पूर्ण गिगाबिट वेग देते. घरात पंधरा-वीस मीटर लागते. मधल्या भिंतींना काही अर्थच उरत नाही. पावसाळ्यात, शेजाऱ्यांच्या गर्दीत, मायक्रोवेव्ह चालू असताना तिला काही फरक पडत नाही. मी तिच्या बाजूने इतकी ठाम आहे ती यासाठी.

लोक घाबरतात ते तोडफोडीला, पण तिची गरज बहुतेक वेळा पडत नाही. बेडरूममध्ये टीव्ही किंवा टेलिफोनचा पॉइंट असेल, तर त्याच्या मागे भिंतीत पाईप आहे. पट्टी उघडा. आत कधीच न वापरलेली टेलिफोनची जुनी वायर लोंबत असते. तीच दोर म्हणून वापरायची: तिच्या टोकाला नवी कॅट ६ चिकटपट्टीने घट्ट, निमुळती बांधायची, दुसऱ्या टोकाला एकाने हळूहळू ओढायचं आणि या टोकाला दुसऱ्याने वायर सरळ करत आत सारायची. वळणावर अडकली तर जोर लावायचा नाही, जरा मागे घेऊन पुन्हा ओढायची. कनेक्टर नंतर लावायचे, आधी लावले तर ते पाईपमधून जात नाहीत. विजेच्या वायरी असलेल्या पाईपमधून ती ओढू देऊ नका, इलेक्ट्रिशियनने "चालतं हो" म्हटलं तरी. आणि वायर शुद्ध तांब्याची मागा. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर स्वस्त पडते, पण ती लवकर तुटते.

आतल्या राउटरवर तीन गोष्टी करा. डीएचसीपी बंद, म्हणजे पत्ते फक्त बाहेरचा राउटर वाटेल. वायर वॅन पोर्टऐवजी (जिथे एरवी बाहेरची लाईन लागते) लॅन पोर्टमध्ये. आणि त्याचा स्वतःचा पत्ता बाहेरच्याहून वेगळा. राउटरमध्ये अ‍ॅक्सेस पॉइंट मोड असेल तर तो निवडला की हे आपोआप होतं. नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे तोच ठेवा, चॅनेल मात्र वेगळे. डेस्कटॉप किंवा टीव्ही जवळ असेल तर त्याला वायफाय नकोच, थेट वायर द्या.

पाईप नसेल आणि घर भाड्याचं असेल तर खिळे न मारता कडेकडेने चिकटणाऱ्या क्लिपांनी वायर नेता येते. दाराखालून जायला चपटी वायर मिळते. वाड्यात तुळईच्या कडेने नेली तर नजरेलाही पडत नाही. मायवानच्या टॉवरमध्ये भिंतीला भोक पाडायचा विचार करू नका. तिथली प्रत्येक भिंत इमारतीचं वजन पेलते आणि सोसायटीही परवानगी देत नाही. तिथे पाईप शोधा, नाही मिळाला तर मेश.

वीजवाहिनीतूनच नेट नेणारे पॉवरलाईनचे प्लगही मिळतात. दोन खोल्या वेगवेगळ्या फेजवर असतील किंवा मध्ये इन्व्हर्टर असेल तर त्यांचा भरवसा राहत नाही. परत करण्याची सोय असेल तरच करून पाहा.

दोन वर्षांत घर बदलणार असाल आणि घरमालक क्लिपाही लावू देत नसेल, तर मेश घ्या, तो उचलून पुढच्या घरी नेता येतो. घर स्वतःचं असेल आणि लवकरच रंगकाम निघणार असेल, तर त्याच वेळी हॉलपासून प्रत्येक बेडरूमपर्यंत एकेक कॅट ६ टाकून घ्या, आज तिथे राउटर नसला तरी. नंतर तेच काम रंगवलेल्या भिंतीवर करावं लागलं तर कुणालाच नको असतं.