लातूरची खोली की तालुक्याचं कॉलेज?

दहावीचा निकाल लागला की केज-अहमदपूरकडच्या घरांत एकच खल: लेकराला क्लाससाठी लातूरला ठेवायचं, की तालुक्याच्या ज्युनिअर कॉलेजात घालून घरूनच 'नीट'ची, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेची, तयारी करायची? क्लासच्या फ्लेक्सवरचे चेहरे बाजूला ठेवा. मागे राहिलेल्यांचे फोटो कुणी छापत नाही.

खर्च उघड आहे. तिकडे क्लास, खोली, मेस. इकडे पुस्तकं आणि एसटीचा पास, तोही मुलींना बारावीपर्यंत मोफत.

शिकवण्यात लातूर सरळ पुढे. टेस्ट नियमित, सोबतीला तयारीची पोरं. तालुक्याला कधी फिजिक्सचे सरच नसतात.

पण लेकराला वागवतात कसं, हे जास्त बघा. केंद्राच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार क्लासने दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त शिकवू नये, आठवड्याची सुट्टी द्यावी, मध्येच सोडल्यास उरलेल्या काळाची फी परत करावी. प्रवेशाआधी हेच विचारा. फी परतीचं नाव काढताच काउंटरवरचा सूर बदलला, तर पैसे भरू नका. घरही काही स्वर्ग नाही म्हणा. 'त्यांची पोरगी बघ' हा जाच घरातलाच. दोन्हीकडे टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर लेकराजवळ असू द्या.

स्वतःहून डॉक्टरकी मागणारं, एकटं राहू शकणारं आणि रडू आलं तर फोन करणारं लेकरू असेल तर लातूर. अजून काही ठरलं नसेल, किंवा कर्ज काढावं लागत असेल, तर तालुकाच बरा. बारावीनंतर वर्षभर लातूरला जाता येतंच.