१८८६ च्या साम्राज्य-नकाशाची प्रतिकृती : काही महिन्यांच्या वापरानंतर

लंडनच्या ‘द ग्राफिक’ या साप्ताहिकाने २४ जुलै १८८६ रोजी ब्रिटिश साम्राज्याचा जो चित्रमय नकाशा पुरवणी म्हणून दिला, त्याची मोठी छापील प्रतिकृती मी पावसाळ्याआधी मागवली आणि पदवीच्या विद्यार्थ्यांना आधुनिक जगाचा इतिहास शिकवताना ती सतत वापरत आहे. दमट हवेतही रंग टिकले आहेत. चकचकीत लॅमिनेशनवर दिव्याचा उजेड पडला की अर्धा अटलांटिक दिसेनासा होतो आणि कॅप्टन कोलोम यांनी पुरवलेली आकडेवारी तर भिंगाशिवाय वाचताच येत नाही, म्हणून शक्य असल्यास बिनचकाकीचा कागद मागावा.

सर्वाधिक उपयोगी पडला तो कोपऱ्यातला, शंभर वर्षांआधीचे म्हणजे १७८६ चे साम्राज्य दाखवणारा छोटा नकाशा. १७८३ च्या पॅरिस तहाने अमेरिकेतल्या तेरा वसाहती हातच्या गेल्या होत्या आणि कैद्यांना घेऊन ऑस्ट्रेलियाकडे जाणारी पहिली जहाजे अजून निघायची होती. हे साम्राज्य एकाच वेगाने वाढत गेले, अशी समजूत घेऊन वर्गात आलेल्या मुलांना हे दोन नकाशे शेजारी दाखवले की त्यांच्या मनात योग्य ते प्रश्न उभे राहतात.

दुसरी जमेची बाजू म्हणजे सागरी मार्गांच्या रेषा. मोठ्या गुलाबी प्रदेशांवरून नजर काढून जिब्राल्टर, माल्टा, एडन, सिंगापूर, हाँगकाँग हे ठिपके जोडत गेल्यास आगबोटींना कोळसा आणि आरमाराला आसरा देणाऱ्या बंदरांवाचून एवढा पसारा सांभाळणे अशक्य होते, हे लक्षात येते. आजच्या येमेनमधले एडन जानेवारी १८३९ मध्ये मुंबई सरकारच्या फौजेने घेतले आणि पुढे जवळजवळ शतकभर त्याचा कारभार हिंदुस्थानातूनच, बराच काळ मुंबईहून, चालला. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यावर त्याचे मोल आणखी वाढले. मुंबईच्या मुलांना ही गोष्ट बहुधा ठाऊक नसते.

नकाशाचा मोठा दोष साम्राज्यातल्या सगळ्या प्रदेशांना दिलेल्या एकाच गुलाबी रंगात आहे. १८६७ पासून स्वतःचे संघराज्य चालवणारा कॅनडा आणि लंडनच्या भारतमंत्र्याला उत्तरदायी सरकारखालचा हिंदुस्थान यांत या रंगाला फरक दिसत नाही. १८८२ पासून ब्रिटिश फौजा असूनही कायद्याने ऑटोमन राहिलेल्या इजिप्तसारखी प्रकरणे तर त्याच्या आवाक्याबाहेरची आहेत. शिवाय मर्केटर प्रक्षेपामुळे, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडताना ध्रुवांकडचे प्रदेश ताणणाऱ्या पद्धतीमुळे, कॅनडा अवास्तव फुगतो.

चौकटीतली चित्रे मी आधी सजावट म्हणून सोडून देत असे. आता त्यांच्यावर एक पूर्ण तास देतो. वॉल्टर क्रेन हा चित्रकार समाजवादी होता. ब्रिटनचे स्त्रीरूप असलेली ब्रिटानिया ज्या पृथ्वीगोलावर बसली आहे तो पेलणाऱ्या, ग्रीक पुराणातल्या अ‍ॅटलासच्या पट्ट्यावर त्याने ‘मानवी श्रम’ असे लिहिले आहे, आणि वरच्या फलकांवर स्वातंत्र्य, बंधुता व संघराज्य झळकतात. या श्रमाचे एक उदाहरण म्हणजे मॉरिशस. ते १८१० मध्ये फ्रेंचांकडून घेतले गेले. गुलामगिरी बंद होताना तिथल्या उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून गिरमिटिये, म्हणजे कराराने बांधलेले मजूर, नेले गेले आणि त्यांत मराठी माणसेही होती, ज्यांचे वंशज आजही तिथे आहेत. ही वाहतूक नकाशाच्या रेषांत कुठेच सापडत नाही, त्यामुळे मी ती या पट्ट्यापाशी उभा राहून सांगतो.

आफ्रिकेसाठी मात्र ही प्रतिकृती पुरत नाही, कारण आफ्रिकेवरच्या युरोपीय दाव्यांचे नियम ठरवणारी बर्लिन परिषद १८८५ मध्ये संपली असली तरी केनिया, युगांडा आणि ऱ्होडेशिया (आजचे झिंबाब्वे व झांबिया) ब्रिटिश सत्तेखाली जाणे अजून बाकी होते. त्यासाठी १९१४ च्या सुमाराचा दुसरा नकाशा शेजारी लावावा लागतो.